उंच केलेल्या डिझेल पिकअपचे शॉक खरोखर गेले आहेत का, हे कसे तपासावे

पिकअप उंच करून घेतल्यावर वर्षा-दीड वर्षात ती वेगात डोलू लागते, मागचे चाक खड्ड्यात उतरले की ठक् असा आवाज येतो, ब्रेक दाबला की नाक खाली जाते, आणि गॅरेजमध्ये नेली की बहुतेक वेळा एकच निदान कानी पडते : शॉकअप गेले, चारही बदलून टाका. आमच्या इंदुरात शॉक ॲब्सॉर्बरला कारागीर शॉकअप म्हणतात. या लेखात मी नुसते शॉक म्हणणार आहे. हे निदान चुकीचेच असते असे नाही. मात्र उंच केलेल्या गाडीत ते पुष्कळदा अर्धवट असते, कारण शॉक झिजणे आणि शॉक आखूड पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि चालवणाऱ्याला दोन्हींची लक्षणे जवळजवळ सारखीच जाणवतात. झिजलेला शॉक बदलला तर प्रश्न सुटतो. आखूड पडलेल्या शॉकच्या जागी तेवढ्याच लांबीचा नवा बसवला तर प्रश्न काही महिने झाकला जातो आणि नवा शॉकही जुन्याच्या वाटेने जातो.

हे मी दोनदा पैसे मोजून शिकलो. माझी पिकअप मी वापरलेली घेतली. आधीच्या मालकाने ती दोन इंच उंच केलेली होती आणि टायरही एक माप मोठे घातले होते. सिमरोलच्या पुढे चोरलकडच्या कच्च्या वाटांवर मागची बाजू उडते म्हणून एका गॅरेजमध्ये मी मागचे दोन्ही शॉक बदलून घेतले. पावसाळा संपायच्या आत उजव्या शॉकच्या मानेतून तेल उतरू लागले. तेव्हा कुठे जुना आणि नवा शॉक जमिनीवर शेजारी शेजारी ठेवून मी फितीने मोजले. दोघांची लांबी सारखीच होती. गाडी दोन इंच वर गेली होती, शॉक मात्र मूळच्या मापाचेच होते, आणि हा प्रश्न ना गॅरेजवाल्याने विचारला होता ना मी. पुढे दिलेला क्रम त्या अनुभवातून बसवलेला आहे, आणि तो त्याच क्रमाने करावा असा माझा आग्रह आहे.

शॉकचे काम आणि उंचीचा त्यावरचा परिणाम

गाडीचे वजन शॉक पेलत नाही. ते स्प्रिंग पेलते. पुढे कॉइल किंवा टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणारा पोलादी दांडा) आणि मागे पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या), ही बहुतेक पिकअपची रचना असते. दाबलेली स्प्रिंग मोकळी झाली की ती वर-खाली झुलत राहते, आणि त्या झुलण्यातली ऊर्जा शॉक तेलात जिरवतो. दांड्याच्या टोकाचा आतला दट्ट्या तेलातून सरकतो, तेल बारीक झडपांमधून जबरदस्तीने ढकलले जाते, तापते, आणि ती उष्णता शॉकच्या पत्र्यातून हवेत जाते. साध्या दुहेरी नळीच्या शॉकमध्ये बाहेरच्या नळीत तेलासोबत थोडी हवा किंवा नायट्रोजन असतो. खडबडीत रस्त्यावर बराच वेळ गाडी पळाली की तेलात वायू मिसळून फेस होतो, फेसाळलेले तेल झडपांमधून विनाअडथळा निघून जाते, आणि शॉक तेवढ्यापुरता हात टेकतो. थांबून गार झाला की तो पुन्हा ठीक वागतो. सकाळी गॅरेजमध्ये ठणठणीत दिसणारा शॉक दुपारी घाटात दगा देतो, तो यामुळे.

आणखी एक गोष्ट आधी समजून घेतली तर पुढच्या चाचण्यांचा अर्थ लागतो. गाडीचा सांगाडा सेकंदाला साधारण एक ते दोन वेळा झुलतो, तर चाक आणि ॲक्सल सेकंदाला दहा-बारा वेळा थरथरतात. शॉकला ही दोन्ही कामे करायची असतात. हळू झुलणे आवरणारा शॉक जलद थरथर आवरेलच असे नाही. म्हणून बॉनेट दाबून गाडी किती वेळा हलते ते पाहण्याची जी प्रसिद्ध चाचणी आहे, ती पहिल्या कामाचाच थोडासा अंदाज देते. मागच्या बाजूला तर ती जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण पिकअपचे पाटे वजनासाठी कडक केलेले असतात आणि पाट्यांमधले घर्षणच हालचाल थांबवते. शॉक पूर्ण मेलेला असला तरी मागची बाजू दोन माणसांच्या दाबाने फारशी हलत नाही.

आता उंचीचे. गाडी कशी उंच केली आहे हे ठाऊक नसेल तर निदान करूच नये. मागे जादा पाटा घातलेला असो, ॲक्सल आणि पाट्यांमध्ये ठोकळा बसवलेला असो, की लांब शॅकल, म्हणजे पाट्याचे टोक चासीला जोडणारी झुलती कडी, लावलेले असो (शॅकल दोन इंच लांब केले तर उंची एकच इंच वाढते), तिन्ही प्रकारांत ॲक्सल चासीपासून दूर जाते आणि शॉक उभ्या गाडीतच तेवढा ताणलेला राहतो. म्हणजे चाक खड्ड्यात उतरताना शॉकला उघडायला जी जागा हवी ती आधीच खर्च झालेली असते. मग प्रत्येक खड्ड्यात शॉक आतल्या आत पूर्ण उघडून थडकतो. ठक् हा आवाज तोच. तेल धरून ठेवणारे सील, दांड्याचा वरचा टोकाचा भाग आणि दोन्ही टोकांच्या डोळ्यांतले, म्हणजे बोल्ट जातो त्या कड्यांतले, रबरी बुश हे सगळे त्या धक्क्यांनी अकाली जातात.

पुढच्या बाजूला दोन प्रकारच्या चकत्या वापरतात आणि त्यांतला फरक महत्त्वाचा आहे. कॉइलसकट संपूर्ण शॉकच्या डोक्यावर चकती बसवली असेल तर शॉक आपल्या मूळच्या स्थितीतच काम करतो. फक्त चाक पूर्ण लोंबकळल्यावर बॉल जॉइंट (चाक आणि त्याला धरणारे आर्म यांतला गोल सांधा) आणि, चारही चाकांना जोर असलेल्या गाडीत, पुढचे ॲक्सल शाफ्ट जास्त कोनात जातात. चकती कॉइल आणि तिच्या बैठकीच्या मध्ये असेल, किंवा मूळ शॉकवर लांब वा कडक कॉइल चढवली असेल, किंवा टॉर्शन बारचा बोल्ट पिळून गाडी वर घेतली असेल, तर मात्र मागच्यासारखेच होते : शॉक ताणलेल्या अवस्थेत जगतो. पहिल्या प्रकारात आवाज आला तर बॉल जॉइंट पाहावा, दुसऱ्या प्रकारात आधी शॉकची लांबी. डोक्यावरच्या चकतीचे माप आणि गाडीची उंची सारखी नसते हेही लक्षात ठेवावे. शॉक खालच्या आर्मच्या मधोमध कुठेतरी टेकलेला असल्यामुळे एक इंचाच्या चकतीने चाकाशी सुमारे दोन इंच उंची वाढते.

मोठे टायर आणि जड रिम यांचा भार वेगळाच. चाक जड झाले की त्याची थरथर आवरायला शॉकला जास्त राबावे लागते. त्यात डिझेल इंजिनाचे वजन पुढे असतेच. वर लोखंडी बंपर आणि विंच लावली असेल तर पुढचे शॉक मूळच्या हिशेबापलीकडे काम करत असतात. अशा गाडीत किती हजार किलोमीटर झाले यावरून शॉकचे आयुष्य ठरवू नये.

शॉकला दोष देण्यापूर्वी

हा टप्पा लोक टाळतात, आणि इथेच अर्धे खटले निकालात निघतात. टायर थंड असताना हवा तपासावी. दाराच्या चौकटीवरील आकडा मूळ टायरसाठी असतो, त्यामुळे मोठ्या टायरला तो जसाच्या तसा लागू होत नाही. पण निदानाच्या दिवशी एका ॲक्सलवरच्या दोन्ही टायरांत हवा सारखी असलीच पाहिजे. हवा जास्त असेल तर गाडी उड्या मारते आणि ती शॉकची उडी वाटते.

मग पाटे ॲक्सलला बांधून ठेवणारे यू-बोल्ट. ठोकळा किंवा जादा पाटा बसवल्यावर यू-बोल्ट काही शे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावे लागतात, आणि ते क्वचितच कोणी आवळते. सैल यू-बोल्टमुळे ॲक्सल किंचित सरकते, गाडी मागून झुलल्यासारखी वाटते आणि पाट्याचा मधला बोल्ट तुटण्याची भीती राहते.

वेगाबरोबर वाढणारी थरथर आणि रस्त्याबरोबर वाढणारी थरथर यांत फरक करावा. राऊ ते मांगलिया बायपासच्या गुळगुळीत भागावर ताशी ७० ते ९० किलोमीटरला गाडी कापते आणि वेग कमी केला की शांत होते, असे असेल तर चाकांचे बॅलन्सिंग, वाकलेली रिम किंवा प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाचा जोर मागच्या ॲक्सलकडे नेणाऱ्या दांड्याचा) बदललेला कोन पाहावा. उंची वाढली की तो कोन बदलतो. शॉकचा दोष रस्ता खराब झाला की प्रकट होतो.

गाडी सरळ रेषेत राहत नाही, सारखे स्टिअरिंग सांभाळावे लागते, वळणानंतर स्टिअरिंग आपणहून परत येत नाही, ही तक्रारही शॉकच्या माथी मारली जाते. उंच केल्यावर पुढच्या चाकांचा कॅस्टर कोन (चाक ज्या आसाभोवती वळते त्याचा मागे झुकाव) कमी होतो आणि त्याने नेमके हेच होते. व्हील अलाइनमेंटच्या छापील कागदावर कॅस्टरचा आकडा असतो. तो कंपनीने दिलेल्या मर्यादेत आहे का ते पाहावे, आणि टो (चाके पुढून किती आत वा बाहेर वळलेली आहेत ते) ठीक केला एवढ्यावर समाधान मानू नये. टाय रॉडचे टोक, बॉल जॉइंट, चाकाचे बेअरिंग आणि अँटी-रोल बारचे (वळणावर गाडी कलणे आवरणाऱ्या दांड्याचे) दुवे यांतला ढिलेपणा त्याच भेटीत बघून घ्यावा. लहान लहान खळग्यांवर पुढून येणारी बारीक खटखट बहुधा त्या दुव्यांची असते.

उभ्या गाडीची तपासणी

आधी गाडी धुऊन घ्यावी, पण धुतल्याबरोबर तपासू नये. माळव्याची काळी माती एकदा शॉकवर थापली गेली की तिच्याखाली काय चालले आहे ते कळत नाही, आणि ती धुतली की पुरावाही धुतला जातो. म्हणून धुऊन, वाळवून, पन्नासेक किलोमीटर चालवून मग खाली वाकून पाहावे. कोरडी धूळ राखाडी आणि पिठासारखी असते. बोट फिरवले की उडते. जिथे तेल पाझरते तिथे तीच धूळ काळी, चकचकीत आणि चिकट होते, आणि बोटावर तेलकट डाग राहतो. दांडा जिथे नळीत शिरतो तिथल्या मानेपासून हा काळा पट्टा सुरू होऊन खालपर्यंत ओघळलेला असेल तर सील गेले आहे. मानेभोवती नुसती पातळ ओलसर झाक असेल तर घाबरू नये. दांड्याला वंगण मिळावे म्हणून सील थोडे तेल सोडते. पुसून, आठवडाभर चालवून पुन्हा पाहावे. ओघळ परत आला तर शॉक बदलण्याच्या यादीत घालावा.

तेल शॉकचेच आहे ना, याचीही खातरी करावी. मागच्या ॲक्सलच्या सीलमधून गळणारे गिअर ऑइल घट्ट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेकच्या पाइपातून ओल आलेली दिसली तर शॉकचा विषय तिथेच सोडून गाडी आधी ब्रेकसाठी दाखवावी.

नंतर दांडा. त्यावर क्रोमचा मुलामा असतो. दगडाचा टवका, गंजाचा ठिपका किंवा उभी चरी नखाला लागली तर ती प्रत्येक फेरीत सील कापत असते. नळीवर खोल पोचा असेल तर दट्ट्या आत अडकतो. डोळ्यांतल्या रबरी बुशांना भेगा आहेत का, रबर एका बाजूला दबून डोळा बोल्टवर तिरका बसला आहे का, तेही पाहावे. पुष्कळदा ‘शॉक वाजतो’ ही तक्रार फक्त बुशची असते.

टायरही साक्ष देतात. तळहात टायरच्या पृष्ठभागावर गोल दिशेने आधी पुढे आणि मग मागे फिरवावा. थोड्या थोड्या अंतराने खळगे जाणवले, जणू कोणी चमच्याने रबर खरवडून काढले आहे, तर चाक रस्त्यावर आपटत चालले होते असा अर्थ. त्यामागे कमकुवत शॉक असू शकतो किंवा बिघडलेले बॅलन्सिंग. एकच कड झिजली असेल तर तो अलाइनमेंटचा मामला आहे. मोठ्या ठोकळ्यांच्या मड टायरमध्ये प्रत्येक ठोकळ्याची एक कड जरा जास्त झिजतेच. ती झीज पाहून शॉकला दोषी धरू नये.

फीत हातात घेऊन

आता जो भाग उंच केलेल्या गाडीत सर्वांत जास्त सांगून जातो आणि जो गॅरेजमध्ये जवळजवळ कधीच केला जात नाही, तो. गाडी सपाट जागी उभी करावी आणि चार मापे वहीत लिहावीत. पहिले, प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर. डाव्या-उजव्या बाजूंत दहा-पंधरा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर स्प्रिंग बसली आहे किंवा पाटा तुटला आहे. शॉक बदलून तो फरक जाणार नाही. दुसरे, मागच्या शॉकच्या वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंतची लांबी. तिसरे, बंप स्टॉपचे (ॲक्सल फार वर आले की त्याला अडवणारे) रबर आणि ते जिथे टेकते ती जागा यांतले अंतर.

चौथे माप घेण्यासाठी गाडी उचलावी लागते. पुढच्या चाकांना दगड किंवा ठोकळे लावावेत, गाडी गिअरमध्ये ठेवावी, चासीखाली दोन्ही बाजूंना मजबूत घोड्या (आधाराचे स्टँड) ठेवाव्यात आणि मगच मागचे ॲक्सल सावकाश लोंबकळू द्यावे. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. ॲक्सल खाली जाताना ब्रेकचा रबरी पाइप ताणला जात नाही ना, यावर एकाने नजर ठेवावी. उंच केलेल्या गाडीत तो पाइपही आखूड पडलेला असू शकतो. ॲक्सल पूर्ण खाली आले की शॉकच्या दोन बोल्टांमधली लांबी पुन्हा मोजावी.

समजा, उभ्या गाडीत ही लांबी ४८० मिलिमीटर आहे आणि लोंबकळलेल्या अवस्थेत ५१०. म्हणजे उघडायला शॉककडे फक्त ३० मिलिमीटर शिल्लक आहेत. इंदूरच्या आसपासचा कोणताही साधा खड्डा त्याहून खोल असतो. माझा स्वतःचा निकष असा आहे की शॉकच्या एकूण चालीचा (पूर्ण मिटल्यापासून पूर्ण उघडेपर्यंतच्या अंतराचा) किमान एक तृतीयांश भाग उघडण्यासाठी मोकळा हवा. तो ५० मिलिमीटरच्या खाली गेला असेल तर शॉक झिजला आहे की नाही हा प्रश्न दुय्यम ठरतो, आधी लांबी दुरुस्त करावी लागते.

उलट चूकही होते. उघडायला जागा मिळावी म्हणून लोक दिसेल तो लांब शॉक आणतात. तो मिटल्यावर किती लांब राहतो हे पाहिले नाही तर बंप स्टॉप टेकण्यापूर्वीच शॉक आतून तळाला लागतो, दांडा वाकतो किंवा खालचा कान तुटतो. वरच्याच उदाहरणात बंप स्टॉपचे अंतर ११० मिलिमीटर असेल आणि ६० मिलिमीटरचे रबर दबून निम्मे होईल असे धरले, तर ॲक्सल १४० मिलिमीटर वर येऊ शकते. ४८० मधून १४० गेले, राहिले ३४०. मिटलेल्या शॉकची लांबी याहून थोडी कमीच असली पाहिजे. मागचे शॉक तिरके बसवलेले असतात, त्यामुळे प्रत्यक्षात ते ॲक्सलपेक्षा थोडे कमी दबतात. हा हिशेब म्हणून सुरक्षित बाजूला झुकलेला आहे. पुढच्या बाजूला मात्र आर्ममुळे प्रमाण वेगळे असते आणि हा सरळ वजाबाकीचा हिशेब तिथे लावू नये.

दबताना शॉक कुठवर जातो हे पाहायचे असेल तर उघड्या दांड्यावर एक प्लॅस्टिकची पट्टी, वायरी बांधतात ती, अलगद आवळून मानेला टेकवून ठेवावी. दिवसभर चालवल्यावर ती जिथवर सरकलेली असेल तिथवर शॉक दबला. दांड्यावर पत्र्याचे आवरण असेल तर त्या आवरणाने नळीवर ओढलेल्या रेघा तेच सांगतात.

चालवून पाहणे

रिकामी पिकअप मागून उडतेच. तिचे पाटे टनाच्या आसपासच्या भारासाठी बनवलेले असतात आणि आपण त्यावर एक जादा टायर आणि दोन दोरखंड ठेवून फिरतो. म्हणून मागची चाचणी मी नेहमी सिमेंटच्या चार गोण्या, म्हणजे २०० किलो, मागे नीट बांधून घेतो. रिकामी असताना उडते पण या वजनाने शांत होते अशी गाडी असेल तर दोष बहुधा कडक पाट्यांचा आहे.

रहदारी नसलेल्या रस्त्यावर एक गतिरोधक निवडावा आणि ताशी १५ ते २० किलोमीटर वेगाने तो ओलांडावा. चालवणाऱ्याला जे कळत नाही ते बाजूला उभ्या असलेल्या माणसाला दिसते. माझ्या गाडीच्या वेळी भाच्याने मोबाइलवर संथ गतीने चित्रण केले होते. ते पाहताना तोच म्हणाला, “मामा, सांगाडा नका बघू, चाक बघा. गतिरोधकावरून उतरल्यावर ते जमिनीला टेकतच नाहीये.” आणि खरोखरच टायर आणि डांबर यांच्यामध्ये उजेडाची एक बारीक फट दिसत होती. गाडी वर जाऊन खाली आली आणि आणखी एका छोट्या हेलकाव्यात स्थिर झाली तर शॉक सांगाडा आवरतो आहे. दोन-तीन हेलकावे दिसले तर तो थकला आहे. सांगाडा स्थिर, पण चाक थरथरते, तर जलद हालचालीच्या झडपा गेल्या आहेत. आणि चाक खाली जाताना मध्येच अडून लोंबकळले, त्याच क्षणी ठक् आवाज आला, तर शॉक आखूड आहे.

त्यानंतर मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरवरून ठाम ब्रेक लावून थांबावे. नाक थोडे खाली जाणारच. उंच गाडीत ते जरा जास्त जाते. पाहायचे ते थांबल्यानंतरचे : गाडी एकदा मागे येऊन स्थिर होते की पुन्हा पुढे-मागे झुलते. वळणावरची चाचणी भेरूघाटासारख्या रहदारीच्या घाटात करू नये. ज्या गाडीच्या शॉकवर संशय आहे ती तिथे घालणे धोक्याचे आहे.

उष्णतेची चाचणी

शॉक काम करतो म्हणजे तापतो, हे वर आले आहे. त्याचा उपयोग असा. वीस-पंचवीस मिनिटे सारख्या खडबडीत रस्त्यावर चालवून लगेच थांबावे आणि लांबून तापमान मोजणाऱ्या इन्फ्रारेड थर्मामीटरने प्रत्येक शॉकच्या नळीच्या मध्यावर आकडा घ्यावा. एकाच ॲक्सलवरचे दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहावेत. पुढचा आणि मागचा यांची तुलना करू नये. एक शॉक चांगला गरम आणि त्याचा जोडीदार जवळजवळ हवेइतकाच थंड असेल, तर थंड असलेला काम करत नाही. थंड तो निरोगी असे अनेकांना वाटते, पण खरे उलटे आहे. डिझेल पिकअपमध्ये एक सावधगिरी मात्र हवी : सायलेन्सरची नळी ज्या बाजूने जाते त्या बाजूचा शॉक बाहेरून तापतो, आणि तो आकडा फसवा असतो. तिथे नळीची सायलेन्सरच्या विरुद्ध बाजू मोजावी. हात लावून पाहण्याचा मोह टाळावा.

काढून हाताने तपासणे

मागचे शॉक घरी काढता येतात. पुढचे, कॉइल ज्यावर चढवलेली असते ते, घरी उघडू नयेत. दाबलेली कॉइल सुटली तर जीव जाऊ शकतो, आणि ते काम स्प्रिंग दाबण्याचे योग्य साधन असलेल्या कारागिराकडेच द्यावे. वायू भरलेला शॉक कापू, तापवू किंवा भोकही पाडू नये. मागचा शॉक काढताना ॲक्सलखाली जॅकचा आधार ठेवावा, नाहीतर बोल्ट निघताच ॲक्सल खाली झुकते आणि ब्रेकचा पाइप खेचला जातो.

काढलेला शॉक गाडीत जसा असतो तसा उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण मिटवावा आणि उघडावा. आडवा पडून राहिलेल्या दुहेरी नळीच्या शॉकच्या आतल्या नळीत हवा शिरते, आणि ती बाहेर काढल्याशिवाय केलेली तपासणी खोटी ठरते. नवा शॉक बसवण्यापूर्वीही हे करावे. मग सावकाश, एकसारख्या जोराने दांडा चालवावा. विरोध सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा लागला पाहिजे, आणि उघडताना तो मिटताना लागतो त्याहून बहुधा जास्त असतो. दिशा बदलताना दांडा काही मिलिमीटर रिकामा सरकला आणि मग पकड आली, तर आत तेल कमी आहे किंवा झडप सैल आहे. मध्येच एखाद्या जागी अडकला तर दांडा वाकला आहे. वायू भरलेल्या शॉकचा दांडा सोडल्यावर आपणहून सावकाश बाहेर येतो. तो जिथल्या तिथे राहिला तर वायू गेला. डावा आणि उजवा एकामागोमाग हाताळले की फरक हातालाच कळतो. हाताची गती रस्त्याच्या गतीपुढे काहीच नसते, त्यामुळे हाताने नापास झालेला शॉक नक्की गेला. पास झालेल्याचा निकाल मात्र उष्णतेच्या आणि गतिरोधकाच्या चाचणीसोबतच वाचावा.

निर्णय आणि बसवणे

शॉक नेहमी एका ॲक्सलवरचे दोन्ही एकदम बदलावेत. चारही बदलणे सक्तीचे नाही. लांबी बरोबर आणि झीज सिद्ध झाली असेल तर त्याच मापाचे चांगले शॉक घ्यावेत. लांबी अपुरी असेल तर उघडलेली आणि मिटलेली अशी दोन्ही मापे दुकानदाराला लिहून द्यावीत. ‘दोन इंच लिफ्टचे शॉक’ एवढ्यावर घेतलेला माल माझ्या मते जुगार आहे. कधी कधी उंची थोडी कमी करून घेणे हाच शहाणपणाचा उपाय असतो, आणि मी शेवटी तेच केले : मागचा ठोकळा काढला, जादा पाटा ठेवला आणि मोजून घेतलेले शॉक बसवले. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही बाब पुन्हा स्पष्ट केली आहे, त्यामुळे उंची वाढवण्यापूर्वी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारणे आवश्यक आहे.

बसवताना शेवटची एक गोष्ट, जी चुकली तर नवे बुश सहा महिन्यांत फाटतात. शॉकच्या डोळ्यांचे आणि पाट्यांच्या बुशांचे बोल्ट चाके हवेत असताना नुसते बसवावेत. गाडी चाकांवर उतरवून, दोन-तीनदा हलवून, मगच कंपनीने सांगितलेल्या जोराने आवळावेत. लोंबकळत्या अवस्थेत आवळलेले रबर गाडी उतरली की पिळलेल्या अवस्थेत अडकते. पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट आणि शॉकचे बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासावेत, अलाइनमेंट करून घ्यावे, आणि पहिल्या दिवशी वहीत लिहिलेली चारही मापे त्याच सपाट जागी पुन्हा घेऊन जुन्या आकड्यांशेजारी लिहून ठेवावीत.